युद्धाच्या खर्चाचा हिशेब कसा मांडावा

युद्धविरोधी प्रदर्शन, व्याख्यानमाला किंवा महाविद्यालयातील अभ्यासवर्ग भरवणाऱ्या गटाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात: माणसे किती गेली आणि पैसा किती गेला. दोन्ही प्रश्न साधे वाटतात, आणि हाती लागलेला सर्वांत मोठा आकडा फलकावर लिहून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. सरकारकडे सैन्य, प्रवक्ते आणि तिजोरी असते. शांततेची बाजू मांडणाऱ्यांकडे शब्दाची पत सोडली तर दुसरे भांडवल नसते, आणि एक फुगवलेला आकडा उघडा पडला की पुढच्या खऱ्या आकड्यांकडेही लोक संशयाने पाहू लागतात. म्हणून हिशेब असा मांडावा की युद्धाचे समर्थन करणाऱ्या माणसालाही तो पहिल्या ओळीपासून तपासता यावा.

येथे उदाहरण म्हणून इराकमधील अमेरिकेचे युद्ध घेतले आहे. मार्च २००३ मध्ये ते सुरू झाले आणि डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी फौजा बाहेर पडल्या. या युद्धाची कागदपत्रे विपुल आहेत, त्यातील आकड्यांवर जाहीर वाद झाले आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या चुका आता नोंदल्या गेल्या आहेत. शिकण्यासाठी एवढी सामग्री दुसऱ्या युद्धांत सहसा मिळत नाही.

आधी हद्द आखावी

कोणताही आकडा शोधण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: हिशेब कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा, कोणत्या भूभागाचा, आणि कोणाकोणाचा. तिसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक वेळ घालवावा. अमेरिकी सैनिक, इतर मित्रदेशांचे सैनिक, इराकी सैनिक आणि पोलीस, बंडखोर, सामान्य नागरिक, पत्रकार आणि कंत्राटी कामगार हे सगळे वेगळे रकाने आहेत. कंत्राटी कामगारांचा रकाना बहुतेक फलकांवरून गळतो. अमेरिकी तळांवरील स्वयंपाक, धुलाई आणि मालवाहतूक यांसारखी कामे भारत, नेपाळ, फिलिपिन्स येथून गेलेल्या माणसांकडे होती. ऑगस्ट २००४ मध्ये बारा नेपाळी कामगारांचे अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आले. ते कोणत्याही सैन्याचे नव्हते, त्यामुळे सैनिकी मृतांच्या कोणत्याही यादीत ते सापडणार नाहीत.

मृतांची मोजणी कोणाच्या नजरेतून झाली, याचे एक जुने उदाहरण याच भूमीतले आणि आपल्याशी थेट संबंधित आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उतरलेल्या ब्रिटिश भारतीय सैन्याच्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ असे होते. कुत अल-अमाराच्या वेढ्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री या पलटणी अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. त्या मोहिमेतील चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या लिहिली गेली. अशा वागणुकीबद्दल राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. आपल्या हिशेबात एका बाजूचे मृत नावानिशी आणि दुसऱ्या बाजूचे ‘सुमारे’ अशा शब्दांत येत असतील, तर तसे का झाले याचे स्पष्टीकरण फलकावरच द्यावे.

मृतांची मोजणी: तीन पद्धती, तीन उत्तरे

अमेरिकी सैनिकांचा रकाना सर्वांत सोपा आहे. त्यांच्या संरक्षण खात्याच्या नोंदीनुसार या युद्धात सुमारे ४,५०० सैनिक मृत्युमुखी पडले आणि सुमारे ३२,००० जखमी झाले. प्रत्येक मृत्यूची तारीख, ठिकाण आणि नाव उपलब्ध आहे. येथे फारसा वेळ घालवण्याची गरज नाही.

खरी परीक्षा इराकी मृतांच्या रकान्यात होते. मार्च २००३ ते जून २००६ या जवळपास एकाच कालखंडासाठी तीन आकडे समोर येतात. ‘इराक बॉडी काउंट’ या स्वयंसेवी प्रकल्पाचा आकडा सुमारे ४७ हजार. जागतिक आरोग्य संघटना आणि इराकचे आरोग्य मंत्रालय यांनी केलेल्या घरोघरच्या पाहणीचा आकडा १,५१,०००. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला आकडा ६,५४,९६५. एकाच युद्धाची, एकाच काळातली ही उत्तरे पाहून नवखा कार्यकर्ता एकतर गोंधळतो किंवा सरळ शेवटचा आकडा उचलतो. त्याऐवजी प्रत्येक आकडा नेमके काय मोजतो हे आधी समजून घ्यावे.

पहिली पद्धत नोंदींची आहे. वृत्तपत्रे, वृत्तसंस्था, रुग्णालये आणि शवागारे यांच्याकडून आलेली प्रत्येक घटना पडताळून यादीत घातली जाते. या यादीत फक्त नागरिक आणि फक्त हिंसक मृत्यू येतात. तिचे बळ असे की प्रत्येक मृत्यूमागे तारीख आणि स्रोत दाखवता येतो. जेथे बातमीदार पोहोचला नाही तेथील मृत्यू मात्र तिच्यात येत नाही. म्हणून हा आकडा तळाचा मानावा, ‘किमान इतके’ या अर्थाने वापरावा. तो खरोखर तळाचाच होता याचा पुरावा पुढे मिळाला: ऑक्टोबर २०१० मध्ये विकिलीक्सने अमेरिकी सैन्याच्या अंतर्गत नोंदी उघड केल्या, तेव्हा २००४ ते २००९ या काळातील १,०९,०३२ मृत्यूंची नोंद त्यांत निघाली, आणि त्यांपैकी ६६,०८१ नागरिक होते. त्यांतील हजारो नागरिकांचे मृत्यू आधीच्या जाहीर यादीत नव्हते. ‘आम्ही मृतदेह मोजत नाही’ असे अमेरिकी सेनापती जाहीरपणे सांगत होते, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उरलेल्या दोन्ही पद्धती नमुना पाहणीच्या आहेत. काही गावे आणि मोहल्ले निवडून घरोघरी विचारले जाते, आणि तेथून देशभराचा अंदाज बांधला जातो. परंतु दोघांचा प्रश्न एक नव्हता. आरोग्य मंत्रालयाच्या पाहणीचा १,५१,००० हा आकडा हिंसक मृत्यूंचा आहे; तिच्यात ९,३४५ कुटुंबांकडून माहिती घेतली होती, आणि खरा आकडा १,०४,००० ते २,२३,००० यांच्या दरम्यान असावा असे संशोधकांनी सांगितले होते. लॅन्सेटमधील आकडा ‘अतिरिक्त मृत्यूं’चा आहे, म्हणजे युद्धापूर्वीचा मृत्युदर कायम राहिला असता तर झाले असते त्याहून जास्त झालेले सर्व मृत्यू, त्यांत गोळी लागून गेलेला माणूस येतो आणि इन्सुलिन न मिळाल्याने गेलेलाही येतो. त्या पाहणीत १,८४९ कुटुंबे होती आणि मर्यादा होती ३,९२,९७९ ते ९,४२,६३६. शिवाय तिच्यावर गंभीर आक्षेप आले. पाहणी करणाऱ्यांनी हमरस्त्यांजवळची घरे अधिक निवडली असावीत असे काही अभ्यासकांचे म्हणणे होते, आणि मुख्य संशोधकाने पद्धतीचा तपशील देण्यास नकार दिल्यामुळे अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या संघटनेने २००९ मध्ये त्याच्यावर ठपका ठेवला. पुढे २०११ मध्ये दोन हजार कुटुंबांची नवी पाहणी झाली आणि २०१३ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: २००३ ते २०११ या पूर्ण काळात सुमारे ४,०५,००० अतिरिक्त मृत्यू, आणि परदेशी गेलेल्या कुटुंबांचा अंदाज मिळवल्यास सुमारे ४,६०,०००. मात्र तिची खालची आणि वरची मर्यादा फार दूरदूर, म्हणजे ४८,००० आणि ७,५१,०००, अशी होती.

फलकावर काय लिहावे? माझे मत असे की तळाचा आकडा मोठ्या अक्षरांत द्यावा, त्याखाली पाहणीचे अंदाज त्यांच्या मर्यादांसह द्यावेत, आणि प्रत्येकाच्या शेजारी एका वाक्यात ‘यात कोण मोजले, कोण नाही’ हे लिहावे. ‘दहा लाख इराकी ठार’ ही घोषणा मोर्चात खपते, पण सभागृहातला एखादा संख्याशास्त्राचा विद्यार्थी उठून उभा राहिला की ती टिकत नाही. आणि सुमारे ४७ हजार नागरिकांचे नोंदलेले, तारीखवार मृत्यू ही लहान गोष्ट नाही; तिला मोठे करून दाखवण्याची गरज वाटणे हेच मुळात विचित्र आहे.

फुगवलेल्या आकड्याची किंमत काय पडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २००३ च्या आधीचे आहे. १९९० नंतरच्या आर्थिक निर्बंधांमुळे पाच लाख इराकी बालके दगावली, हा आकडा युनिसेफच्या १९९९ च्या पाहणीच्या आधारे जगभरातील निर्बंधविरोधी गटांनी वर्षानुवर्षे वापरला. सद्दाम हुसेन यांची राजवट पडल्यानंतर झालेल्या एकाहून अधिक पाहण्यांत बालमृत्यूंची अशी प्रचंड वाढ आढळलीच नाही, आणि मूळ पाहणीच्या माहितीत सद्दाम सरकारने फेरफार केला होता असा निष्कर्ष २०१७ मध्ये संशोधकांनी मांडला. पण मधल्या काळात एक वेगळेच वळण आले. ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी २०१० मध्ये त्या देशाच्या इराक युद्धविषयक चौकशी समितीपुढे त्याच वाढीव बालमृत्युदराचा हवाला देऊन, युद्धानंतर तो दर कसा घटला, असे युद्धाचे समर्थन केले. शांततावाद्यांनी न तपासता प्रचारात आणलेला आकडा असा युद्धाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला.

मृतांबरोबर विस्थापितांचा आणि जखमींचा रकाना ठेवावा. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने देशाबाहेर आणि देशांतर्गत मिळून चाळीस लाखांहून अधिक इराकी विस्थापित असल्याचे सांगितले होते. अमेरिकी सैनिकांच्या आत्महत्यांबद्दल ब्राउन विद्यापीठातील ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाचा २०२१ चा अंदाज नेहमी दिला जातो: लढाईच्या मोहिमांत ७,०५७ मृत्यू, आणि आजी-माजी सैनिकांच्या ३०,१७७ आत्महत्या. तो वापरावा, परंतु तो ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सर्व युद्धांचा मिळून आहे, एकट्या इराकचा नाही, हे लिहिल्याशिवाय वापरू नये.

पैशाचा हिशेब

महाराष्ट्रात ज्याने विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बातम्या वाचल्या आहेत त्याला ‘पुरवणी मागण्या’ हा शब्द परका नाही. अर्थसंकल्पात जो खर्च दाखवायचा राहून जातो, किंवा दाखवायचा नसतो, तो पुरवणी मागण्यांतून येतो. अमेरिकेने इराक युद्धाचा मोठा भाग अशाच तातडीच्या पुरवणी तरतुदींतून चालवला. त्यामुळे वार्षिक संरक्षण अर्थसंकल्प उघडून युद्धाचा खर्च शोधणाऱ्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागते. संसदेच्या किंवा अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, संशोधन विभागांचे अहवाल येथे उपयोगी पडतात. अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन सेवेने डिसेंबर २०१४ च्या अहवालात इराकसाठी मंजूर झालेली रक्कम सुमारे ८१५ अब्ज डॉलर अशी काढली.

हिशेबाची सुरुवात मात्र युद्धापूर्वीच्या अंदाजापासून करावी, कारण युद्ध मंजूर होते ते त्या अंदाजावर. राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी सप्टेंबर २००२ मध्ये १०० ते २०० अब्ज डॉलर असा अंदाज जाहीर केला. प्रशासनाने तो नाकारला, डिसेंबरात लिंडसे यांना पद सोडावे लागले, आणि अर्थसंकल्प कार्यालयाकडून ५० ते ६० अब्जांचा आकडा पुढे आला. हे दोन अंदाज आणि नंतरची ८१५ अब्जांची मंजुरी अशा तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या तर त्यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही.

मंजूर रक्कम म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. तिच्यात तीन गोष्टी मिळवाव्या लागतात, आणि प्रत्येक वेगळ्या ओळीत ठेवावी: जखमी आणि आजारी सैनिकांचे आजीवन उपचार व अपंगत्वाचे निवृत्तिवेतन, युद्धासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, आणि अर्थव्यवस्थेवरील व्यापक परिणाम. पहिल्या दोन ओळी भक्कम आहेत. अमेरिकेने २००१ आणि २००३ मध्ये कर कमी केले आणि त्याच काळात युद्ध लढले, म्हणजे खर्च कर्जावर गेला. निवृत्तिवेतनाचे ओझे तर युद्ध संपल्यावर कित्येक दशकांनी शिखर गाठते. १८६५ मध्ये संपलेल्या अमेरिकी यादवी युद्धातील एका सैनिकाच्या मुलीला, आयरीन ट्रिपलेट यांना, ७३.१३ डॉलरचे मासिक निवृत्तिवेतन मिळत होते. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्या युद्धाचे शेवटचे देणे संपले. तिसरी ओळ डळमळीत आहे. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये एकूण खर्च तीन लाख कोटी डॉलरवर नेला, त्यात या ओळीचाही वाटा होता. तरीही तेलाच्या दरवाढीपैकी त्यांनी बॅरलमागे पाच ते दहा डॉलर एवढीच युद्धाच्या खाती टाकली. भारतासारख्या तेल आयात करणाऱ्या देशाला या युद्धाचा भुर्दंड किती पडला, हे सांगू इच्छिणाऱ्याने हाच संयम ठेवावा. २००८ च्या १४० डॉलरच्या दराचे सगळे पाप बगदादच्या माथी मारू नये.

एकूण रकमेचा रोजचा दर काढला की तो लोकांच्या लक्षात राहतो, परंतु तेथेच सर्वाधिक गफलत होते. ‘अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी’ या क्वेकर (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या) संस्थेने २००७ मध्ये ‘युद्धाचा एक दिवस, ७२ कोटी डॉलर’ अशी मोहीम चालवली. मिनिटाला पाच लाख डॉलर. त्यापैकी २८ कोटी त्या वेळी प्रत्यक्ष मंजूर होत असलेल्या निधीचे होते आणि ४४ कोटी पुढे द्यावयाच्या देण्यांचे. संस्थेने ही फोड जाहीर केली होती म्हणून मोहीम टिकली. फोड न देता ‘रोज ७२ कोटी खर्च होतात’ असे म्हटले असते, तर एखाद्या लेखापालाने दोन मिनिटांत तो दावा मोडून काढला असता.

रुपयांत रूपांतर करताना कोणता विनिमय दर घेतला हे लिहावेच. युद्धाच्या वर्षांत डॉलर बहुतेक काळ चाळीस ते पन्नास रुपयांच्या घरात होता. ४५ रुपये धरले तर ८१५ अब्ज डॉलरचे सुमारे ३६.७ लाख कोटी रुपये होतात. ८५ रुपये धरले तर तेच ६९ लाख कोटींच्या पुढे जातात. युद्धाचा खर्च जवळपास दुप्पट झाला असे वाटावे, आणि प्रत्यक्षात बदलला फक्त रुपया. माझ्या मते मूळ चलन ठळक द्यावे आणि रुपये कंसात, त्या काळच्या सरासरी दराने.

तुलना करताना

‘एवढ्या पैशात काय झाले असते’ हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १६ एप्रिल १९५३ च्या भाषणात एका आधुनिक बाँबफेकी विमानाची किंमत तीसहून अधिक शहरांतील एकेका पक्क्या शाळेएवढी असल्याचे सांगितले होते, आणि ते स्वतः सेनापती होते म्हणून ती तुलना लोकांना अधिक लागली. तुलना करताना एकदाच होणारा खर्च एकदाच होणाऱ्या खर्चाशी आणि दरवर्षीचा दरवर्षीच्याशी ताडावा. तसेच ज्याच्या खिशातून पैसा गेला त्याच्याच गरजेशी तो जोडावा. मॅसॅच्युसेट्समधील ‘नॅशनल प्रायॉरिटीज प्रोजेक्ट’ ही संस्था प्रत्येक गावाने भरलेल्या करांच्या प्रमाणात त्या गावाचा युद्धखर्चातील वाटा काढून दाखवत असे. अमेरिकी बाँबच्या पैशात सोलापूरला रोज पाणी आले असते, अशी वाक्ये टाळावीत. तो पैसा सोलापूरचा कधीच नव्हता.

आकड्यांना वस्तूंची जोड दिली तर ते पोहोचतात. त्याच क्वेकर संस्थेने जानेवारी २००४ मध्ये शिकागोच्या चौकात सैनिकी बुटांच्या ५०४ जोड्या मांडल्या, मृत अमेरिकी सैनिकामागे एक, आणि सोबत इराकी नागरिकांसाठी साधी पादत्राणे. असे काही करायचे ठरले तर नावे फक्त प्रसिद्ध यादीतून घ्यावीत, आणि कुटुंबाने नाव काढण्यास सांगितले तर वाद न घालता ते त्याच दिवशी काढावे. मृताच्या नावावर आपल्या मोहिमेपेक्षा त्याच्या घरच्यांचा हक्क मोठा आहे.

चळवळीचा स्वतःचा खर्च

ज्या हिशेबात चळवळीचा खर्च नाही तो हिशेब अपुरा आहे, आणि कार्यकर्ते नेमका तोच टाळतात. लंडनमध्ये माया इव्हान्स या तरुणीने ऑक्टोबर २००५ मध्ये युद्धस्मारकापाशी उभे राहून इराकमध्ये मारल्या गेलेल्या ब्रिटिश सैनिकांची नावे वाचली. संसदेच्या परिसरात विनापरवाना निदर्शन केल्याच्या आरोपाखाली तिला अटक झाली आणि डिसेंबरात ती दोषी ठरली. त्याच परिसरात ब्रायन हॉ यांनी २००१ पासून जवळजवळ दहा वर्षे तंबू ठोकून निदर्शन केले, आणि त्यात त्यांचा संसार मोडला. अमेरिकेत सिंडी शीहान यांनी मुलगा इराकमध्ये मारला गेल्यानंतर टेक्सासमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शेतघराबाहेर ठाण मांडले. मे २००७ मध्ये चळवळीतून बाहेर पडताना, मुलाच्या मृत्यूपोटी मिळालेले सर्व पैसे यात संपले, असे त्यांनी लिहिले. या माणसांचे मोठेपण मान्य करूनही, आपल्या गटातील कोणावर अशी वेळ येऊ नये अशी व्यवस्था करणे हे संयोजकाचे काम आहे.

म्हणून कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात छपाई, सभागृह आणि प्रवास यांच्याबरोबर वकिलाचा खर्च आणि बुडालेली रोजंदारी यांच्या ओळी असाव्यात. पोलीस परवानगीचा अर्ज लेखी द्यावा आणि पोचपावती जपून ठेवावी. मुंबईत निदर्शनांसाठी आझाद मैदानाची जागा ठरलेली आहे, इतरत्र जमावबंदीचे आदेश लागू आहेत का ते आधी विचारावे. वर्गणी पावतीशिवाय घेऊ नये. परदेशस्थ मित्र पैसे पाठवू इच्छित असतील तर २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली ते घेता येतील का याचा सल्ला लेखापालाकडून घेतल्यावरच होकार द्यावा, कारण उदार मनाने पाठवलेली छोटी रक्कमही गटाला मोठ्या चौकशीत अडकवू शकते. आकड्यांची जबाबदारी एकाच माणसावर ठेवू नये. दोघांनी स्वतंत्रपणे प्रत्येक आकडा मूळ स्रोतापर्यंत तपासावा, आणि फलकाच्या तळाशी ‘या तारखेपर्यंतची माहिती’ असे लिहून ती तारीख घालावी. दुरुस्ती करावी लागली तर जुना आकडा, नवा आकडा आणि कारण यांची एक वही प्रदर्शनाच्या टेबलावर उघडी ठेवावी. प्रश्न विचारायला आलेला माणूस बहुधा आधी तीच वही चाळतो.